चेहरा न वाचता जमलेली मैत्री

समोरच्याच्या मनात काय चाललंय हे आपण बहुतेक वेळा त्याच्या तोंडाकडे बघून ओळखतो. भुवई वर गेली, ओठ घट्ट मिटले, नजर चुकवली, की आपल्याला कळायचं ते कळतं. शब्द नंतर येतात. न्यूयॉर्कच्या मॅक्स हॉरोविट्झला मात्र हे जमत नाही. त्याच्याजवळ एक छोटं पुस्तक असतं, त्यात चेहऱ्यांची चित्रं. माणूस खूश आहे की वैतागलाय, हे तो त्या चित्रांशी ताडून बघतो. मॅक्स ४४ वर्षांचा आहे, अंगाने अवाढव्य आहे, एकटा राहतो आणि मातीचा आहे.

‘मेरी अँड मॅक्स’ हा ॲडम एलियट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा २००९ सालचा ॲनिमेशनपट. त्यात दुसऱ्या टोकाला आहे मेरी डेझी डिंकल, मेलबर्नच्या माउंट वेव्हर्ली उपनगरातली ८ वर्षांची मुलगी. कपाळावर तपकिरी जन्मखूण, त्यावरून शाळेत चिडवाचिडवी. आई दिवसभर शेरीच्या बाटलीशी, वडील कारखान्यात चहाच्या पुड्यांना दोरे लावणार आणि उरलेला वेळ शेडमध्ये मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरत बसणार. वर्ष १९७६. मेरीला पोस्टात न्यूयॉर्कची टेलिफोन डिरेक्टरी सापडते. अमेरिकेत बाळं कुठून येतात, हा तिला पडलेला गहन प्रश्न. (ऑस्ट्रेलियात ती बिअरच्या ग्लासच्या तळाशी सापडतात, असं आजोबांनी सांगितलेलं असतं.) डिरेक्टरीतलं एक नाव ती डोळे झाकून निवडावं तसं निवडते आणि पत्र धाडते, सोबत एक चॉकलेट. पुढची वीसएक वर्षं १६,००० किलोमीटरहून जास्त अंतरावरून ही पत्रं चालू राहतात.

मॅक्सला ॲस्परगर सिंड्रोम आहे. आज त्याला ऑटिझम किंवा स्वमग्नतेच्या व्यापक पट्ट्यातच, म्हणजे ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये धरतात. दोन एकाकी जीव भेटले आणि त्यांचं जमलं, एवढ्यावरच या सिनेमाची बोळवण होते. मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, असं आपण सरसकट म्हणतो. हा सिनेमा दाखवतो की न कळणं दोन्हीकडून असतं. गेल्या पंधरा वर्षांत संशोधकही याच दिशेला आले आहेत. ते नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांवर एक साधा प्रयोग केला. दोन बाहुल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती नसताना ॲन गोटी काढून खोक्यात टाकते. सॅली परत येते. आता ती गोटी कुठे शोधेल? आपल्याला माहीत आहे की गोटी खोक्यात आहे. पण सॅलीला ते माहीत नाही, म्हणून ती टोपलीतच शोधेल. हे उत्तर द्यायला ‘मला जे माहीत आहे ते तिला माहीत नाही’ एवढं डोक्यात धरावं लागतं. प्रयोगातल्या २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं. यावरून पुढची काही दशकं एकच निष्कर्ष घट्ट झाला: ऑटिझम म्हणजे दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता कमी असणं. उणीव या माणसात आहे, तेव्हा दुरुस्तीही त्याचीच करायची.

२०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने या मांडणीला उलटा प्रश्न केला. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की दोन माणसांत गैरसमज झाला तर तो एकाच्याच खात्यावर का टाकायचा? ऑटिस्टिक माणसाला बाकीच्यांचे इशारे कळत नाहीत हे खरं. पण बाकीच्यांना तरी त्याचे इशारे कुठे कळतात? तो डोळ्यांत न बघता बोलतो, तेव्हा आपण त्याला उद्धट ठरवतो. आवाज सहन होईना म्हणून तो उठून गेला, तर आपण म्हणतो त्याला माणसं नकोत. दोघेही एकमेकांना वाचायला चुकतात. फक्त बहुसंख्य बाजूची चूक मोजायची पद्धत नाही. मिल्टन यांनी याला दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न म्हटलं.

हे नुसतं तत्त्वज्ञान राहिलं नाही. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या एडिनबराच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना आपल्या कानगोष्टींसारखा खेळ खेळायला लावला. पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटपर्यंत किती तपशील टिकतात ते मोजायचं. काही साखळ्या सगळ्या ऑटिस्टिक माणसांच्या, काही एकही ऑटिस्टिक नसलेल्या, काही मिश्र. ऑटिस्टिक साखळ्यांनी माहिती दुसऱ्या गटाइतकीच नीट पोचवली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांत. म्हणजे अडचण माणसात कमी आणि दोन वेगळ्या तऱ्हांच्या सांध्यात जास्त.

मॅक्स आणि मेरी हीसुद्धा मिश्र जोडीच आहे. मग त्यांचं कसं जमलं?

याचं उत्तर मला अमेरिकेतल्या नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात सापडतं. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांचे काही सेकंदांचे नमुने दाखवले. काहींना व्हिडिओ, काहींना नुसता आवाज, काहींना एक फोटो. समोरचा माणूस ऑटिस्टिक आहे हे बघणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. तरी ऑटिस्टिक माणसांबद्दल त्यांचं मत चटकन वाईट झालं: हा विचित्र वाटतो, याच्याशी बोलावंसं वाटत नाही, याच्या शेजारी राहायला नको. पण आणखी एका गटाला चेहरा दाखवला नाही, आवाजही ऐकवला नाही. त्या माणसांचं बोलणं फक्त कागदावर टाइप करून वाचायला दिलं. तिथे हा फरक नाहीसाच झाला. शब्द तेच होते. नापसंती शब्दांबद्दल नव्हतीच. ती नजर, स्वर, अंग धरण्याची तऱ्हा यांबद्दल होती.

आता पत्राचा विचार करा. पत्रात भुवया नसतात. मध्येच कुणी तोडत नाही. उत्तर लगेच द्यावं लागत नाही, आठवडा लागला तरी कुणाचा अपमान होत नाही. एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने. पाळी कुणाची हा घोळ नाही. विचारायचं ते शब्दांत विचारावं लागतं, सूचक हसून भागत नाही. मॅक्सला ज्या ज्या गोष्टींनी धाप लागते त्या सगळ्या पत्रातून आपोआप वजा होतात. मेरीकडूनही एक अडथळा वजा होतो. मॅक्सला बघून रस्त्यावरची माणसं जी अंतर ठेवून चालली असती, ते अंतर तिला ठेवावंच लागत नाही, कारण तिने त्याला पाहिलेलंच नाही.

याचा अर्थ पत्रांनी सगळं सोपं होतं असा नाही. मेरीचं पहिलंच पत्र मिळाल्यावर मॅक्स घाबरून जातो. पुढे ती त्याला प्रेमाबद्दल विचारते तेव्हा त्याची अशी अवस्था होते की काही महिने मनोरुग्णालयात काढावे लागतात. इकडे मेरी उत्तराची वाट बघून थकते, तिला वाटतं आपण नकोसे झालो. दुहेरी न कळणं म्हणतात ते हेच. तिचा प्रश्न निरागस, त्याचं मौन नाइलाजाचं, आणि दोघांनी लावलेला अर्थ चुकीचा.

पण जेव्हा जमतं तेव्हा कसं जमतं ते पाहण्यासारखं आहे. जन्मखुणेवरून मुलं चिडवतात असं मेरी कळवते. मॅक्स तिची समजूत काढत नाही, ‘दुर्लक्ष कर’ हा मोठ्या माणसांचा ठेवणीतला सल्लाही देत नाही. तो तिला तोड काढून देतो: त्यांना सांग की ही खूण चॉकलेटची आहे आणि त्यामुळे स्वर्गातल्या सगळ्या चॉकलेटची मुखत्यार मी असणार. मेरी तसं सांगते आणि मात्रा लागू पडते. उलट दिशेनेही तसंच. मॅक्स लिहितो की मला रडताच येत नाही. मेरी स्वतःचे अश्रू एका छोट्या बाटलीत भरून पोस्टाने पाठवते. सहानुभूतीचं हे रूप फार कमी सिनेमांत दिसतं. दोघेही एकमेकांच्या भावना ओळखण्याच्या भानगडीत पडत नाहीत. काय कमी आहे ते विचारतात आणि ते धाडून देतात.

आता मातीबद्दल, कारण माझ्या मते या सिनेमाचा आशय त्याच्या कारागिरीत निम्मा आहे.

स्टॉप-मोशन म्हणजे बाहुली किंचित हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा फोटो. आत तारेचा सांगाडा, वर न सुकणारी माती, म्हणजे प्लॅस्टिसिन. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. सिनेमा ९२ मिनिटांचा, म्हणजे १,३२,४८० चित्रं. चित्रीकरण ५७ आठवडे चाललं. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दिवसभर सगळ्या चमूने राबून पडद्यावर वीसएक सेकंद उतरत होते. २१२ बाहुल्या, १३३ सेट आणि ४७५ चिमुकल्या वस्तू बनवल्या गेल्या. मॅक्सचा अंडरवूड टाइपरायटर बाहुलीच्या मापाचा आहे आणि तो खरोखर चालतो. त्याच्या आखणीत आणि जोडणीत ९ आठवडे गेले. बघणाऱ्याला तो काही सेकंद दिसतो आणि कुणी त्याकडे लक्षही देत नाही. असल्या हट्टाबद्दल मला अतोनात आदर आहे.

खरं पाणी अशा सिनेमात चालत नाही. थेंब लहान करता येत नाही, त्यामुळे बाहुलीच्या गालावरचा खरा थेंब तिच्या डोक्याएवढा वाटतो. शिवाय दोन फोटोंच्या मध्ये तो ओघळतो किंवा वाळून जातो. म्हणून इथे पाण्याच्या जागी घट्ट, पारदर्शक वंगण जेल वापरलं. ते ठेवलं तिथे राहतं आणि हवं तेवढंच सरकवता येतं.

एलियटला स्वतःला हाताच्या कंपाचा आनुवंशिक त्रास आहे. रेघ सरळ येत नाही, तर वाकडीच येऊ दे, असं करत त्याने त्याचीच शैली केली. त्याच्या सिनेमात एकही भिंत ओळंब्यात नाही, एकही चेहरा दोन्हीकडून सारखा नाही. मेरीचं मेलबर्न सगळं तपकिरी, मॅक्सचं न्यूयॉर्क सगळं राखाडी. त्या राखाडीत मेरीने पाठवलेला लाल गोंडा मॅक्सच्या टोपीवर बसतो, तेव्हा या जगातली वस्तू त्या जगात पोचली हे सांगायला संवाद लागत नाही.

या बाहुल्या बोलतात फार कमी. बरंचसं कथानक निवेदक बॅरी हम्फ्रीज सांगतो किंवा पत्रं वाचली जातात. मॅक्सचा आवाज फिलिप सेमूर हॉफमनचा, मोठ्या मेरीचा टोनी कोलेटचा. हॉफमनने मॅक्स इतका सपाट, जडसर वाचलाय की भावना कुठे दडली आहे ते शोधावं लागतं. बाहुलीचा चेहरा तर पापण्या आणि भुवयांपलीकडे फार हलतच नाही. परिणाम असा, की दीड तास प्रेक्षकही चेहरे न वाचता येणारा माणूस होतो. मॅक्सला कळून घ्यायचं तर शब्द ऐका, दुसरा मार्ग नाही. नटांचा सिनेमा असता तर उत्तम अभिनेत्याने डोळ्यांच्या कडेने आपल्याला सगळं सांगून टाकलं असतं आणि विषयच निसटला असता. ऑटिझमवर भाष्य करायला मातीइतकं योग्य माध्यम क्वचितच असेल, असं मी म्हणतो ते यामुळे.

गोष्टीतला मोठा तडा जातो तो मेरी शिकल्यावर. ती विद्यापीठात मानसशास्त्र शिकते, मॅक्सच्या स्थितीवर प्रबंध लिहिते, त्याचं पुस्तक होतं. अभिमानाने ती पहिली प्रत मित्राला पाठवते. मॅक्स पुस्तक उघडतो आणि त्यात त्याला स्वतःचं नाव ‘केस’ म्हणून सापडतं, बरा करण्याजोगा रुग्ण म्हणून. त्याने तर तिला आधीच कळवलेलं असतं की हे असं असणं मला बदलायचं नाही. तो संतापून टाइपरायटरवरची ‘एम’ची कळ उपटतो आणि पाकिटात घालून तिला पाठवतो. त्या अक्षराशिवाय मेरीचं नाव लिहिता येत नाही आणि त्याचं स्वतःचंही. मेरी पुस्तकाच्या सगळ्या प्रतींचा लगदा करून टाकते आणि त्याला कंडेन्स्ड मिल्कचा डबा पाठवते, माफीचा.

मेरीचा हेतू वाईट नव्हता. २० वर्षं पत्रांतून तो बरोबरीने बोलत होता. पुस्तकात ती एकटीच बोलली आणि तो विषय झाला. मिल्टन यांचा आक्षेप नेमका याच वृत्तीला आहे, आणि हा सिनेमा त्यांच्या लेखाच्या तीन वर्षं आधीचा आहे. मॅक्सलाही क्षमा करायला फार दिवस लागतात. तीही त्याला वेगळ्या वाटेने सुचते: रस्त्यावर सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्या एका बेघर माणसाचा तो रागाने गळा धरतो, आणि तो माणूस माफी मागतो तेव्हा मॅक्सला उमजतं की माणसं अशीच अपुरी असतात, मेरी काय आणि मी काय.

निदानाच्या नावाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आज हा सिनेमा बघताना ते बोचतं. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स ॲस्परगर यांनी १९४४ साली अशा मुलांचं वर्णन केलं. इंग्रजी जगात हे नाव रुजवलं लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखाने. अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत ते १९९४ ला आलं आणि २०१३ ला निघालं. तेव्हापासून वेगळं निदान नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये. २०१८ मध्ये इतिहासकार हर्विग चेक यांनी कागदपत्रांनिशी दाखवलं की ॲस्परगर यांनी नाझी राजवटीशी सहकार्य केलं होतं आणि काही अपंग मुलांना ‘अम श्पीगेलग्रुंट’ या, मुलांना मारून टाकणाऱ्या संस्थेत धाडलं होतं. मॅक्स ज्यू आहे. २००९ साली एलियटने आपल्या ज्यू नायकाला हे नाव दिलं, आणि मॅक्स ते अभिमानाने मिरवतो, तेव्हा हे असं कागदपत्रांनिशी बाहेर आलेलं नव्हतं. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम स्पेक्ट्रम आहे. ॲस्परगरचं नाव स्वतंत्र नाही.

सिनेमा निर्दोष नाही. निवेदक दिसतंय तेही सांगत बसतो. ज्या पत्रात मॅक्स आपल्या स्थितीची लक्षणं एकामागून एक मांडतो, ते पत्र कमी आणि माहितीपत्रक जास्त वाटतं. मेरीवर कोसळणाऱ्या आपत्तींचा ढीग तर शेवटी शेवटी हाताबाहेर जातो. आई जाते, बाप जातो, नवरा त्याच्या न्यूझीलंडच्या पत्रमित्रासाठी सोडून जातो. एवढं सगळं एकीच्याच वाट्याला घालायची गरज नव्हती. तरी सनडान्स महोत्सवाचं २००९ चं उद्घाटन या सिनेमाने झालं. तो मान मिळालेला तो पहिलाच ॲनिमेशनपट होता. त्याच वर्षी आन्सीच्या ॲनिमेशन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिकही त्याला विभागून मिळालं. एलियटकडे ऑस्कर त्याआधीच आलेलं होतं, एका लघुपटासाठी, २००४ साली. मॅक्सचं मूळही खऱ्या माणसात आहे: न्यूयॉर्कचा एक पत्रमित्र, ज्याच्याशी एलियट वीस वर्षांहून जास्त काळ पत्रव्यवहार करत होता.

बघायचा असेल तर एक सूचना. मातीच्या बाहुल्या बघून लहान मुलांना शेजारी बसवू नका. दारू, मृत्यू, लैंगिक संदर्भ आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा एक लांबलेला प्रसंग यात आहे. तो प्रसंग कुणाच्याही मनावर जड होऊ शकतो. घराबाहेर पडायला घाबरणारा शेजारी लेन नेमक्या वेळी रस्ता ओलांडून येतो, एवढं आधी माहीत असलं तर बघणं सुसह्य होतं. आठवी-नववीपुढच्या मुलामुलींबरोबर बघायचा तर आधी स्वतः बघून घ्या. आणि घरात, नात्यात ऑटिस्टिक कुणी असेल तर त्याला मॅक्सच्या मापाने मोजायला जाऊ नका. काही जण एक शब्दही बोलत नाहीत, काही जण दिवसभर बोलतात, काहींना चेहरे छान कळतात पण मिक्सरचा आवाज सोसत नाही. मॅक्स त्यांतला एक आहे.